खोळप्पाच्या खोळीतली पळी

खेळाच्या दुसऱ्या भागातली गिरणी कुणाच्याच्यानं सुरू होईना, तेव्हा सानेसाहेबांनी श्रीशैलला केबिनमध्ये बोलावून घेतलं. टेबलावर कागदांची चळत होती. कॉम्प्युटरवरचा नवा खेळ बाजारात आणण्याआधी तो चाळीस जणांकडून खेळून घ्यायचा आणि त्यांची मतं लिहून घ्यायची, अशी त्या पुण्यातल्या लहानशा कंपनीची पद्धत होती.

"ऐक," म्हणून सानेसाहेब वाचू लागले. "'पळीनं गिरणी सुरू होते? लेखकानं आयुष्यात गिरणी पाहिली आहे का?' हा एक. 'पहिला भाग बरा होता,' असं चौदा जणांनी लिहिलंय. आणि हे बघ, इयत्ता सहावी, कोथरूड. 'खोळप्पा वेडा आहे असं मला आधी वाटलं. नंतर कळलं, लेखक वेडा आहे.'"

श्रीशैल मान खाली घालून उभा राहिला. लेखक तोच होता.

खोळप्पा म्हणजे खेळाचा नायक. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं आणि त्या घोंगड्याचं टोक दुमडून केलेली भलीमोठी खोळ. पडद्यावरच्या एखाद्या वस्तूवर माऊसनं टिचकी मारली की खोळप्पा वाकून ती उचलायचा, "कामाला येतंय" म्हणायचा आणि खोळीत टाकायचा. पुढं कुठं अडलं की खोळ उघडायची, त्यातली नेमकी वस्तू काढून वापरायची, की गोष्ट सरकली. मारामारी नाही, बंदुका नाहीत, वेंधळेपणा तेवढा पोटभर. दोन हजार सहा साली निघालेला पहिला भाग बऱ्यापैकी खपला होता. तक्रार एकच आली होती, की खोळीतल्या वस्तू चित्रातल्या वाटतात, खऱ्या वाटत नाहीत. ती मात्र श्रीशैलनं दुसऱ्या भागात पार मिटवून टाकली होती.

"साहेब, कोडं बरोबर आहे," तो चाचरत म्हणाला. "गावाकडच्या माणसाला ते सहज सुटेल."

सानेसाहेबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढत तेव्हा समोरचा दाराकडे बघू लागे.

"गाव कुठलं तुझं?"

"मंठाळ. बसवकल्याणजवळ."

"आज गुरुवार. सोमवारी सकाळी मला इथं वीस मतं पाहिजेत. ज्यांनी जन्मात माऊस धरला नाही अशा माणसांची, सहीनिशी. आणि त्यातल्या एकानं तरी गिरणी सुरू केलेली पाहिजे. नाहीतर खोळप्पाचा दुसरा भाग कपाटात, आणि तू मोबाइलवरच्या विनोदांच्या खात्यात."

विनोदांच्या खात्यात दोन माणसं बसत. त्यांना हसताना कंपनीत कुणीही पाहिलेलं नव्हतं. श्रीशैलनं त्याच संध्याकाळची गाडी पकडली.

साहेबांना त्यानं दोन गोष्टी सांगितल्या नव्हत्या, कारण त्यांनी विचारल्या नव्हत्या. एक म्हणजे, गिरणीचं कोडं त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी, काशाप्पांनी, गावातली बंद पडलेली गिरणी एकदा खरोखरच पळी वापरून चालू केली होती. सुट्टीत वडिलांबरोबर रानात हिंडताना ती हकीकत त्यानं अनेकदा ऐकली होती. आणि दुसरी म्हणजे, खोळीतल्या वस्तू खऱ्या वाटत होत्या, कारण त्या खऱ्याच होत्या. दिवाळीला घरी आला असताना त्यानं काशाप्पांची लाकडी पेटी उघडून, आतल्या एकेका वस्तूचा फोटो काढून नेला होता.

आता ही पेटी काय होती ते सांगायला हवं. काशाप्पांचे वाडवडील मेंढरांमागं गावोगाव हिंडलेले. वाटेत खिळा दिसो, दोरी दिसो की तुटकी कडी, वाकून उचलायची आणि घोंगड्यात टाकायची, हे त्या घराच्या अंगात मुरलेलं. काशाप्पांनी मेंढरं विकून शेती धरली त्याला जमाना झाला, पण वाकायची सवय गेली नाही. शिवाय कुणाचं काही अडलं की ते धावत जात, आणि धावत जाताना शेजारपाजारचं हाताला लागेल ते अवजार मागून किंवा न मागता घेऊन जात. काम फत्ते होई. अवजार मात्र पेटीत जाई, आणि पेटीत गेलेली वस्तू पुन्हा बाहेर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मग लोक परत मागत नसत का?" असं एखादा परगावचा माणूस विचारील. मंठाळमध्ये दिलेली वस्तू तोंडानं परत मागत नाहीत. मागितली तर देणाऱ्याचीच अब्रू जाते. फार तर त्या घरी जाऊन बसायचं, चहा प्यायचा आणि उठताना आभाळाकडे बघत त्या वस्तूचं नाव घ्यायचं. पुढचं समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. काशाप्पांच्या ओसरीवर गेली कित्येक वर्षं लोक असे चहा पिऊन आभाळाकडे बघून जात होते, आणि काशाप्पाही त्यांच्याबरोबर आभाळाकडे बघून "पाऊस न्हाई आज" म्हणत होते.

शनिवारी सकाळी श्रीशैलनं ओसरीवर ज्वारीच्या पोत्यावर पाट ठेवला, पाटावर ऑफिसचा लॅपटॉप ठेवला आणि शेजारी वायरचा माऊस. काशाप्पा राखणीसाठी रानात मुक्कामाला गेले होते. मतं लिहून घ्यायला बहीण भाग्यलक्ष्मी बसली. ती मास्तरणीचा कोर्स करत होती आणि समोरचा बोलेल ते शब्दाला शब्द उतरवून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. फॉर्मवर चारच प्रश्न होते. खेळ कसा वाटला? सर्वांत आवडलेली वस्तू कोणती? नायकाबद्दल आपले मत? तिसऱ्या भागात काय पाहायला आवडेल?

पहिला मान शेजारच्या सिद्धप्पांचा. पडद्यावर बंद पडलेली गिरणी होती, तीही त्यांच्याच गिरणीवरून काढलेली, त्यामुळं ते आधीच खुशीत होते.

"आता अडलंय बगा, काका," श्रीशैल म्हणाला. "खोळ उघडा आन् काय लागंल ते काढा."

सिद्धप्पांनी टिचकी मारली. खोळ उघडली. सिद्धप्पा पडद्याकडे वाकले, मग आणखी वाकले. खोळीत एक पाना होता. पान्याच्या दांड्यावर लाल रंगाचा पट्टा होता आणि पट्ट्याच्या वर करवतीनं पाडलेली खाच होती.

"काय झालं, काका?"

"काय न्हाई," सिद्धप्पा सावरून म्हणाले. "पाना लई चांगला काढलास. खाचेसकट काढलास." मग त्यांनी आभाळाकडे बघितलं. ओसरीवर पत्रे होते, म्हणून पत्र्यांकडे बघितलं. "असाच एक पाना व्हता माझ्याकडं. गेल्या साली."

"मग गिरणी चालू करता न्हवं?"

"आता जीव लागंना बाबा खेळात," म्हणून ते उठले आणि भाग्यलक्ष्मीसमोर बसले. तिनं लिहिलं, "खेळ चांगला आहे. सर्वांत आवडलेली वस्तू पाना. नायकाबद्दल मत, माणूस वाईट नाही पण विसराळू आहे. तिसऱ्या भागात पाना मालकाकडे जाताना पाहायला आवडेल."

श्रीशैलला यात काही वावगं दिसलं नाही. उलट खेळाडू गोष्टीत चांगला गुंतला म्हणून त्याला बरं वाटलं. बिचारा गेली सहा वर्षं पुण्यात होता.

दुसऱ्या आल्या ईरम्मा. पंचाहत्तरीच्या, पानाच्या शौकीन. त्यांनी माऊस धरला तो सुपारी धरावी तसा, आणि खोळ उघडताच हात मागं घेतला.

"श्रीशैल, ह्यो अडकित्ता कुणाचा रं?"

"खोळप्पाचा हाय, आज्जी."

"मोराच्या तोंडाचा हाय. आन् मोराचा एक डोळा पडलाय," ईरम्मा म्हणाल्या. "माझ्या बापानं मला हुमनाबादच्या बाजारातनं घेऊन दिलेल्या अडकित्त्याचा बी असाच एक डोळा पडला व्हता. चार वर्सं झाली, दातांनी सुपारी फोडायले मी. आता दात बी दोनच ऱ्हायले."

त्यांचं मत भाग्यलक्ष्मीनं लिहिलं. "खेळ पाहून डोळ्यांत पाणी आलं. सर्वांत आवडलेली वस्तू अडकित्ता. नायकाला माझे दात दाखवा."

आता श्रीशैलच्या मनात पाल चुकचुकली. पण काही करण्याआधीच तात्याराव मास्तर आले. शाळेचे हेडमास्तर, प्रत्येक सूचना दोनदा वाचणारे. हे तरी खेळ शिस्तीनं खेळतील अशी श्रीशैलला आशा होती. मास्तरांनी सूचना दोनदा वाचल्या, खोळ उघडली, चष्मा पुसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "श्रीशैल, ही शाळेच्या घंटेची हातोडी हाय."

"मास्तर, नुस्तं चित्र हाय ते."

"दोन पावसाळे झाले, शाळा दगडानं भरायलीय आन् दगडानंच सुटायलीय. इन्स्पेक्टर आले व्हते तवा पोरं दगड घेऊन पळताना बगून ते परत जीपमधी बसले." मास्तरांनी स्वतःच्या हातानं फॉर्म भरला. नायकाबद्दलच्या मतात त्यांनी लिहिलं, "नायक कष्टाळू आहे. मात्र शासकीय मालमत्तेबाबत त्याला मार्गदर्शनाची गरज आहे."

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. काशाप्पाची पेटी कॉम्प्युटरवर आलीय म्हणे. तोंडानं मागायची सोय नव्हती, ती कागदावर लिहून द्यायची सोय झाली होती, आणि वर पुण्याची कंपनी सही मागत होती. ओसरीपुढं रांग लागली. श्रीशैलनं आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा खेळ खेळायला जमलेली रांग पाहिली आणि त्याला रडू यायचं बाकी राहिलं. कारण गिरणी सुरू करायची कुणालाच पडलेली नव्हती. जो तो बसायचा, खोळ उघडायचा, आपली वस्तू शोधायचा, सुस्कारा टाकून फॉर्म भरायचा आणि उठायचा. ज्यांना सापडत नव्हती ते तर जास्तच हट्टाला पेटले.

"माझं घमेलं ह्यात दिसंना. पहिल्या भागात असंल का?" एकानं विचारलं. "तो भाग लाव की जरा."

"पहिल्या भागात नुस्ती चित्रं हायत, काका. हातानं काढलेली."

"मंग तिसऱ्या भागात येईल," तो समजूतदारपणे म्हणाला. "लिहून घे भाग्यलक्ष्मी, तिसऱ्या भागात घमेलं."

एक-दोघांना श्रीशैलनं अक्षरशः हाताला धरून खेळात पुढं ढकलायचा प्रयत्न केला. "अडकित्त्यानं वायर तोडा, मग पुढं जाता येतंय," असं त्यानं कोडंच फोडून सांगितलं. पण तो माणूस हात जोडून म्हणाला, "ईरम्माचा अडकित्ता हाय तो. तिला न इच्यारता मी कसा वापरू?" रांगेबाजूला बसलेल्या ईरम्मांनी "वापर की रं, मला काय त्याचं" असं म्हटलं खरं, पण अशा आवाजात, की त्यानं माऊस खालीच ठेवला.

शनिवार असा गेला. रविवारी दुपारपर्यंत एकोणीस मतं झाली. गिरणी जागची हलली नव्हती. श्रीशैल एका बाजूला बसून मतं वाचत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढं विनोदांचं खातं उभं राहत होतं. त्याहून वाईट म्हणजे त्याला लाज वाटत होती. त्यानं बापाच्या पेटीचा खेळ केला होता, आणि सारा गाव त्या खेळातून बापाला चोर ठरवत होता. रानातून येऊन काशाप्पांनी हे कागद वाचले तर काय होईल, या विचारानं त्यानं सकाळपासून भाकरीला हात लावला नव्हता.

तेवढ्यात त्याची आई, पद्माबाई, चहाचे कप घेऊन बाहेर आली. मत देऊन झालेला एक जण पुन्हा खोळ उघडून बसला होता. पद्माबाईंची नजर पडद्यावर गेली आणि थाळी त्यांनी तिथंच खाली ठेवली.

"ती पळी कुणाची?"

"माय, ते चित्र हाय..."

"चित्राच्या दांड्याला पोचा कामून पडलाय? माझ्या लग्नातली पितळी पळी हाय ती. तुझ्या बारशाला पडली तवा पोचा आला तिला."

गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला त्या पळीची कथा माहीत होती. अकरा वर्षांपूर्वी पळी नाहीशी झाली, तेव्हा पद्माबाईंनी जावेला, लिंगम्माला, "घराबाहेर गेली न्हाई तर भिंतीपल्याड तरी गेली असंल" असं ऐकवलं होतं. लिंगम्मा भिंतीपल्याड राहत होती. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. काही सांगायचंच झालं तर मधल्या माणसाला किंवा म्हशीला सांगत. श्रीशैल त्या वर्षी बसवकल्याणच्या होस्टेलात होता, त्यामुळं हे भांडण वाटणीवरून असावं अशीच त्याची समजूत होती. आणि आता रांगेच्या टोकाला खुद्द लिंगम्मा उभी होती. तीही काही तरी शोधायलाच आली होती.

अशा वेळी खांद्यावर घोंगडं टाकून काशाप्पा रानातून आले.

काशाप्पांनी सगळ्यांकडे बघितलं, सगळ्यांनी पत्र्यांकडे बघितलं. शेवटी भाग्यलक्ष्मी म्हणाली, "अप्पा, एकच मत ऱ्हायलंय. तुमी बी खेळा."

"मला कुठं यायलाय ते," काशाप्पा म्हणाले, पण बसले. घोंगडं मांडीवर घेतलं, माऊस उलटापालटा करून बघितला, वायर ओढून बघितली. "बरी वस्तू हाय. काय करायचं ह्यात?"

"गिरणी बंद हाय, अप्पा. ती चालू करायची," श्रीशैल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

काशाप्पांनी पडद्यावरच्या गिरणीकडे एकदाच बघितलं. "पट्टा उतरलाय. आन् चाकात वायर गुतलीय." त्यांनी खोळ उघडली. स्वतःच्या वस्तू बघून त्यांना नवल वाटलं नाही. खोळ म्हटल्यावर त्या असायच्याच. त्यांनी अडकित्ता काढला आणि वायर तोडली. हातोडी काढली आणि खिट्टी ठोकून सैल केली. मग पळी काढली.

"पळीनं काय करायलास, काशाप्पा?" सिद्धप्पांना राहवेना.

"चाकाच्या मागं हात जात न्हाई. तेल कसं सोडणार? लांब दांड्याची पळी पायजे." पळीनं तेल सोडलं, तिचाच दांडा घालून पट्टा चढवला, आणि पडद्यावरची गिरणी धडधडायला लागली. खोळप्पा पिठानं पांढराफटक होऊन नाचू लागला. पुण्यातल्या चाळीस डोक्यांना जे जमलं नव्हतं, ते मंठाळच्या एका डोक्यानं पाव तासात केलं होतं. श्रीशैल ओरडलाच.

"तुझी गिरणी ह्याच पळीनं चालू केलो व्हतो की, सिद्धप्पा," काशाप्पा मागं न बघता म्हणाले. "तू मिस्त्री आणायला बसवकल्याणला गेला व्हतास."

सिद्धप्पा उभेच राहिले. "ती तर आपोआप चालू झाली व्हती! मी मारुतीला नारळ फोडला व्हता!"

"मी सांगायलो व्हतो. तू ऐकलास कुठं? नारळ घेऊन पळालास."

"आन् माझा पाना?"

"शाळेचा हापसा निखळला व्हता, त्याला लावलो. मास्तरांची हातोडी ईरम्माच्या दाराच्या बिजागरीला लागली. ईरम्माचा अडकित्ता लिंगम्माच्या म्हशीच्या पायात तार गुतली व्हती तवा..." काशाप्पा एकदम थांबले. त्यांनी वळून सगळ्यांचे चेहरे बघितले, भाग्यलक्ष्मीच्या हातातले कागद बघितले. "कामून? कुणाला पायजे व्हत्या काय ह्या वस्तू?"

सगळे पुन्हा पत्र्यांकडे बघू लागले.

"मंग सांगायचं की रं! मला कुणी सांगिटलंच न्हाई कवा." काशाप्पा तडक आत गेले आणि पेटीच उचलून घेऊन आले. ती ओसरीच्या मधोमध ठेवून त्यांनी झाकण उघडलं. "घ्या, ज्याचं त्याला."

आणि गंमत अशी, की दोन दिवस आपापल्या वस्तूंसाठी रांग लावणारे ते सगळे लोक एक पाऊल मागं सरकले.

"ऱ्हाऊ द्या, काशाप्पा, काय घाई हाय," सिद्धप्पा म्हणाले.

"शाळेला दगडाची सवय झालीय आता," तात्याराव मास्तर म्हणाले.

"मला तर दातच न्हाईत, अडकित्ता काय करू," ईरम्मा म्हणाल्या, पण बोलता बोलता त्यांनी तो कनवटीला लावलासुद्धा. मग सगळ्यांचंच धाडस झालं आणि पेटीवर झुंबड उडाली. घमेलं मात्र सापडलं नाही.

पळी काशाप्पांनी बायकोच्या हातात दिली. पद्माबाईंचा चेहरा काळवंडला होता.

"अकरा वर्सं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं मी भिंतीपल्याड संशेव घेत ऱ्हाले, आन् तुमी गप बसला?"

"तुमी पळीवरनं भांडायलात हे मला कुठं ठावं?" काशाप्पा कळवळून म्हणाले. "मला वाटलं वाटणीवरनं भांडायलात. बायकांच्या भांडणात मी कामून इच्यारू?"

पद्माबाई पळी घेऊन लिंगम्माकडे दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. अकरा वर्षांची सवय. त्या भाग्यलक्ष्मीकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या काकूला सांग, पळी सापडली."

लिंगम्मा भाग्यलक्ष्मीला म्हणाली, "तुझ्या मायला सांग, मी घेतली न्हाई हे मला ठावंच व्हतं."

"तिला सांग, माझं चुकलं."

"तिला सांग, चहा गार व्हायलाय. मला बी दे म्हणावं एक कप."

हे ऐकताच पद्माबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडू लागल्या. लिंगम्माही रडू लागली. मग दोघी थेट एकमेकींशीच बोलायला लागल्या त्या थांबेचनात. अकरा वर्षांचं साठलेलं होतं, आणि भाग्यलक्ष्मीचं त्यात काही काम राहिलं नाही. श्रीशैलचे डोळेही ओले झाले. त्यानं बॅग भरायला घेतली, कारण संध्याकाळची गाडी गाठायची होती. वडिलांचं विसावं मत तेवढं घ्यायचं होतं. काशाप्पांनी ते कोपऱ्यात बसून स्वतःच्या मोडक्या अक्षरांत लिहिलं, चौघडी घातली आणि त्याच्या खिशात कोंबलं.

सोमवारी सकाळी सानेसाहेबांनी एकोणीस मतं एका दमात वाचली. मधेच त्यांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसायला.

"श्रीशैल, हे काय आहे?"

"साहेब, त्याचं असं झालं..."

"वीस वर्षांत असं काही वाचलं नाही मी! पडद्यावरच्या वस्तूंवर लोक हक्क सांगतायत! पाना परत द्या म्हणतायत! एक म्हातारी अडकित्ता पाहून रडली! पहिल्या भागाला म्हणत होते वस्तू खऱ्या वाटत नाहीत." साहेब उठून येरझारा घालू लागले. "आणि गिरणी?"

"चालू झाली, साहेब. पाव तासात."

"दुसरा भाग दिवाळीला बाजारात. आणि तिसरा भागही तूच लिही. खोळप्पा सगळ्यांच्या वस्तू परत करत हिंडतो. आणि शेवटच्या अंकात, काय ते? हां, घमेलं! घमेलं सापडतं. आता मला दाखव ती गिरणी. कशी चालू केली ते बघू दे मला एकदा."

श्रीशैलला आकाश ठेंगणं झालं. त्यानं बॅग उघडली, लॅपटॉप काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि माऊससाठी बॅगेत हात घातला. मग दुसऱ्या कप्प्यात घातला. मग बॅग उलटी केली. कुंकवाची पुडी पडली, शेंगदाण्याची चटणी पडली, लिंगम्मानं दिलेला धपाट्यांचा डबा पडला. माऊस पडला नाही.

श्रीशैलनं सावकाश खिशात हात घातला आणि चौघडी घातलेला कागद उलगडला.

खेळ कसा वाटला? "चांगला. पट्टा चढवायला सोपा."

सर्वांत आवडलेली वस्तू कोणती? "वायरवाली डबी. पोत्यावर पडलेली होती. कामाला येईल."

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "माऊस विसरलास? आत्ता दुसरा घे, पण ऑफिसचा आहे तो, फोन कर की घरी. वडिलांना सांग, कुरिअरनं पाठवा म्हणावं."

"तसं तोंडानं मागता येत नाही, साहेब," श्रीशैल म्हणाला. त्यानं टेबलावरचा एक कोरा फॉर्म ओढून घेतला, वर आपलं नाव लिहिलं आणि दुसऱ्या प्रश्नासमोर ठळक अक्षरांत लिहिलं, "माऊस."

मग खिडकीबाहेरच्या आभाळाकडे एकवार बघून त्यानं फॉर्म पाकिटात घातला आणि पाकिटावर मंठाळचा पत्ता टाकला.